यादीत नसलेलं जहाज

नवरात्र संपतं, ऑक्टोबरच्या घामट दुपारी सुरू होतात आणि आमच्या सतराव्या मजल्यावरून समुद्र दिसायला लागतो. पावसाळ्यात तिथे नुसतं राखाडी काहीतरी असतं. मग एका सकाळी खिडकी पुसायला घ्यावी, तर पूर्वेला, शिवडीच्या पलीकडे पाण्याची एक पट्टी चकाकत असते आणि तिच्यावर नांगरलेली जहाजं. मजल्यावरच्या बायका म्हणतात, "सुलूताई, काय मस्त व्ह्यू आलाय गं तुला!" मी म्हणते, "हो बाई, आलाय." मनात म्हणते, मेला आला परत.

करी रोडला आमची चाळ होती तेव्हा बरं होतं. खिडकीतून समोरच्या चाळीतलं धुणं दिसायचं, त्यापलीकडे काही नाही. चाळ पडली, टॉवर झाला, आणि ज्याच्याकडे मला जन्मभर पाठ करून बसायचं होतं ते बिल्डरने नेमकं माझ्या ओट्यासमोर आणून ठेवलं.

लोकांना खवळलेल्या समुद्राची भीती वाटते. मला शांत समुद्राचा राग येतो. आफ्रिकेच्या त्या टोकाला नैऋत्येचा वारा वाहत असतो तोवर लहान होड्या पाण्यात टिकत नाहीत. वारा पडला की निघतात. होडीत सहा-सात माणसं, एक लांब शिडी, बंदुका. मोठ्या जहाजाला शिडी लावायची आणि वर चढायचं, एवढंच. म्हणजे आपल्याकडे दसऱ्याचं सोनं वाटतात, दिवाळीची भाजणी होते, हवा जरा कोरडी होते, तेव्हा तिकडे चाच्यांचा हंगाम सुरू होतो. हे मला कुणी पुस्तकात वाचून दाखवलेलं नाही. दसरा ते शिमगा असा एक अख्खा मोसम मी ते भोगलंय.

याच दिवसांत मुंबईला पाहुणी जहाजंही येतात. वेगवेगळ्या देशांची आरमारं एकत्र सराव करतात, मग त्यांचे खलाशी पांढऱ्या कपड्यांत फोर्टातून चारचारच्या घोळक्याने फिरतात, फुटपाथवर बायकोसाठी बांगड्या बघतात, उसाचा रस बिचकत पितात. यंदाही पेपरात फोटो आला. सगळ्यांच्या युद्धनौका एका ओळीत, खाली लिहिलेलं, 'प्रादेशिक सहकार्य'. असले शब्द वाचले की माणसं पान उलटतात. मी कात्री आणते. माझ्याकडे एक साखरेचा जुना डबा आहे, तो अशा कात्रणांनी भरलाय. देशप्रेमाचा काही संबंध नाही. एका माणसाविरुद्ध पुरावा म्हणून मी ती जमवायला घेतली आणि मग हाताला सवयच लागली.

त्या माणसाला आपण अण्णा म्हणू. लालबागेत जे ओळखायचे ते ओळखतीलच. आमच्याच गावचा, वाडीही आमचीच. फोर्टात एका जहाज कंपनीचं ऑफिस सांभाळायचा. गावातली पोरं खलाशी म्हणून जहाजावर चढवायचा तोच, आणि कंपनीचं कुठलं जहाज कधी कुठून जाणार तेही त्याच्याच टेबलावर ठरायचं. कडक इस्त्रीचा सफारी, कपाळाला उभं गंध, बोलायला गूळ. आमच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे, त्याचा अध्यक्ष. माझा भाऊ प्रकाश माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटा. त्याला अण्णानेच जहाजावर लावला. आईने तेव्हा अण्णाच्या घरी स्वतः जाऊन कोहळ्याच्या वड्या दिल्या होत्या. त्या वड्या आठवल्या की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आता जरा नीट सांगते, म्हणजे माझा राग कुठे बसतो ते कळेल. एडनच्या आखातात या चाच्यांपायी एक पट्टा आखून दिला होता. व्यापारी जहाजांनी पट्ट्याच्या टोकाशी जमायचं, ठरल्या वेळी एकत्र निघायचं, आणि एखाद्या देशाची युद्धनौका त्यांच्या सोबत जायची. आज एका देशाची पाळी, परवा दुसऱ्याची. आमच्या चाळीत नळाची पाळी असायची तसंच. वरच्या मजल्यावरची दोन घरं एकमेकांशी सात वर्षं बोलत नव्हती, पण त्यांनी नळाची पाळी कधी चुकवली नाही. इथेही तसंच. ज्या देशांचं एकमेकांशी पटत नाही, तेसुद्धा वेळापत्रक वाटून घेत. व्यापारी जहाजाने करायचं काय, तर आधी नाव कळवायचं. एक अर्ज. नाव यादीत गेलं की तुमच्यावर कुणाचा तरी डोळा असायचा. सोबत चुकली तर पुढच्या सोबतीसाठी थांबायचं, एखादा दिवस, दीड दिवस.

प्रकाशचं जहाज थांबलं नाही आणि त्याचं नाव यादीत नव्हतं. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे शिडी लागली.

मला बातमी कामावर कळली. मी तेव्हा परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होते. दिवसभर दुसऱ्यांच्या बातम्या माझ्या कानावरून जायच्या. कोण गेलं, कोणाला मुलगा झाला, कोणाला रक्त हवंय. त्या दिवशी अण्णाचा फोन आला. गोड आवाजात म्हणाला, "सुलू, घाबरू नकोस हां. जहाज जरा अडकलंय." जरा अडकलंय! चावी अडकते, पदर अडकतो. एकवीस माणसं बंदुकीपुढे बसवली होती.

त्या मोसमाच्या आठवणी लागोपाठ येत नाहीत. दिवाळीच्या आदल्या दिवशी कोणीतरी आमच्या दाराबाहेर कंदील लावला आणि आईने तो मुकाट्याने उतरवून शेजाऱ्यांना परत दिला, ते आठवतं. आईने मासे सोडले ते आठवतं. मालवणी बाईने मासे सोडणं म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. संध्याकाळी चाळभर बांगडा तळल्याचा वास सुटायचा, आई वरणभात कालवत बसायची. मी म्हटलं, "आई, एक तुकडी तरी." म्हणाली, "माझो झील इलो काय मगे खायन गे." लेक आला की मगच. शेजारच्या बायका मग दारं लावून मासे तळायला लागल्या. एवढं मोठं मन चाळीतल्या फाटक्या बायकांना होतं, ही माझी त्या दिवसांतली एकच चांगली आठवण.

आणि तो फोन. जानेवारी असेल, उन्हं कोवळी होती, मी घरी होते. पलीकडून खरखर, मग प्रकाश. "ताई, काहीतरी कर गं, लवकर कर." मागे कोणीतरी ओरडलं, आणि त्याच्या कानाशी गोळी झाडली. हवेत झाडली, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा नुसता आवाज आला आणि प्रकाशचा आवाज बंद. मी काय म्हणाले असेन? बावीस वर्षांची नोकरी बोलली. मी म्हणाले, "होल्ड करा." सख्खा भाऊ मेला की जगला ते कळत नाही, आणि मी त्या चाच्याला सांगतेय, होल्ड करा! फोन बंद झाल्यावर आई मला विचारत होती, काय म्हणाला, काय म्हणाला, आणि मी रिसीव्हर धरून उभी. मी पोटभर रागवायला शिकले ते त्या दिवसापासून.

चाच्यांवर मी रागावले नाही असं नाही. त्यांना मी उठताबसता शिव्या घातल्या. पण ते परके; त्यांचं तोंड मी पाहिलेलं नाही. राग बसायला एक तोंड लागतं, एक पत्ता लागतो. तो पत्ता पुढे शिमग्यात मिळाला.

मालकांनी आणि त्या लोकांनी काय बोलणी केली ती आम्हाला कोणी सांगितली नाहीत. एक दिवस जहाज सोडलं. इंधन संपत आलेलं, प्यायला पाणी नाही, दोन माणसं तापाने फणफणलेली. कुठल्याशा देशाच्या टेहळणी विमानाने त्यांना पाहिलं आणि सगळ्यांना कळवलं. सगळ्यांत जवळ जी युद्धनौका होती ती नेमकी आपल्या शेजारच्या देशाची. नाव लिहीत नाही, तुम्हाला कळलंय. त्यांच्याशी मॅच असली की आमच्या करी रोडला टीव्ही फुटायचे बाकी राहतात. त्यांनी पाणी दिलं, डॉक्टर पाठवला. डॉक्टरने प्रकाशचा कान तपासला, पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "घर में कौन कौन है?" प्रकाश म्हणाला, "अम्मा और दीदी." डॉक्टर म्हणाला, "बस, अब पहुँच जाओगे." त्यांच्याबरोबर एक अधिकारी होता, हातात कागदांची चळत. त्याने जहाजाचं नाव वरपासून खालपर्यंत दोनदा शोधलं. मग विचारलं, "भाई, आप लोग लिस्ट में क्यों नहीं थे? उस दिन का काफ़िला तो पीछे ही था."

काफिला पाठीमागेच होता. दीड दिवस थांबले असते तर माझ्या भावाच्या दोन्ही कानांना आज ऐकू आलं असतं.

तिथे कप्तानाने सगळ्यांसमोर कबूल केलं. त्याने मुंबईला विचारलं होतं, थांबू का. मुंबईहून उत्तर आलं होतं, थांबू नका, दीड दिवसाचं भाडं बुडतं, नावबीव देत बसू नका, पुढे व्हा. मुंबई म्हणजे फोर्टातलं ते टेबल.

अर्ध्या वाटेवर आपली युद्धनौका आली. प्रकाश सांगतो, दोन्ही नौका जरा अंतर ठेवून थांबल्या, मधे आमचं भंगार जहाज. एकाने सोडलं, दुसऱ्याने घेतलं. डेकवरच्या त्यांच्या पोरांनी हात हलवले, आपल्यांनीही हलवले. हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलं तेही. पण त्यामागोमाग आला तो संताप. ज्यांना माझ्या भावाशी काही देणंघेणं नाही, त्यांनी त्याच्यासाठी समुद्रावर पाळ्या लावल्या. आणि ज्याच्या घरी आईने वड्या नेल्या होत्या, त्याला एक अर्ज भरवला नाही.

प्रकाश घरी आला तेव्हा आईने सुरमई आणली. प्रकाशला ती गिळवेना. मग आई पण जेवली नाही. सुरमई शेजारी गेली.

मी अण्णाच्या ऑफिसात गेले. त्याने चहा मागवला. मी म्हटलं, "अण्णा, यादीत नाव का नव्हतं?"

"नाव दिलं होतं गं सुलू. त्या नेव्हीवाल्यांचा घोळ. दहा देश एकत्र आले की कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो."

"त्यांच्याकडे यादी होती. कप्तानाने सांगितलंय, तुम्ही पुढे व्हा म्हणालात."

चहा आला. त्याने बशी माझ्याकडे सरकवली आणि आवाज खाली आणला. "हे बघ, मी बोलणार नव्हतो. पोरगा आधीच खचलाय. पण त्या पहाटे पहाऱ्यावर कोण होता? प्रकाश. आणि काय करत होता? झोपला होता. त्याने वेळेवर भोंगा दिला असता तर शिडी लागली नसती. मी हे कुणाला सांगत नाहीये हां."

कुणाला सांगत नाहीये म्हणाला आणि पंधरा दिवसांत अख्ख्या लालबाग-परळला माहीत. मंडळाच्या प्रत्येक माणसाला माहीत. नायगावला आमच्या मावसबहिणीपर्यंत पोचलं. कप्तान केरळातला, तो तिकडे निघून गेला. कंपनीने नाव बदललं. मी पत्रं लिहिली, उत्तरं आली नाहीत. राहिला काय, तर प्रकाश झोपला होता.

नऊ वर्षं. जहाजावर त्याला परत कोणी घेतलं नाही. लग्न ठरत आलेलं मोडलं. मुलीकडचे म्हणाले, मुलगा जबाबदार नाही वाटत. शेवटी परळच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटी म्हणून लागला. मग काय, लोकांना गंमतच. नाक्यावर हाका, "काय प्रकाश, आज तरी जागा ना रे?" गणपतीत, लग्नात, मयताला जमले तरी तेच. तो हसायचा. एका कानाने ऐकू येत नाही, तर लोक त्या बाजूने बोलायचे, आणि तो तरीही हसायचा, कारण ते काय बोलतात ते त्याला पाठ होतं. मला त्याचं ते हसणं बघवत नसे. मला एकच हवं होतं. ज्या चारचौघांत त्याचं नाव गेलं, त्या चारचौघांत ते परत यावं, आणि ते अण्णाच्या तोंडून यावं.

मी काही संत नाही. एकदा अण्णाची बायको आमच्या हॉस्पिटलात होती. त्याने वॉर्डात जोडून द्यायला फोन केला. मी आवाज ओळखला. म्हटलं, होल्ड करा. सोळा मिनिटं ठेवला, घड्याळात बघून. तिचं साधं पित्ताचं ऑपरेशन झालं होतं, काही धोका नव्हता. पण त्याला कुठे माहीत? त्या सोळा मिनिटांत मी एक पूर्ण चहा प्यायले. वाईट केलं का? केलं. चहा गोड लागला का? लागला. पण पोट भरलं नाही.

गेल्या हिवाळ्यात, हेच दिवस, हवा अशीच कोरडी, मंडळाचं संमेलन परळच्या एका हॉलमध्ये होतं. रविवारची दुपार, तीनशे माणसं, कोंबडी-वड्यांचा बेत. आणि अण्णाचा सत्कार. 'गावच्या तरुणांना सागरी क्षेत्राची दारं उघडून दिल्याबद्दल.' शाल, श्रीफळ, फेटा, सगळं टेबलावर मांडलेलं. प्रकाशची ड्युटी होती. तसाही तो आला नसता.

आमच्याकडे कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने घातलेलं साकडं. एक जण उभा राहून देवाला हाक मारतो, एकेक मागणं घालतो, आणि प्रत्येक मागणं संपलं की जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" आईच्या मांडीवर असल्यापासून ते कानात असतं. शब्द कोण ऐकतो? घालणाऱ्याचा सूर चढतो, 'म्हाराजा'वर येऊन टेकतो, आणि 'व्हय म्हाराजा' आपोआप तोंडातून बाहेर पडतं. झोपेतल्या माणसालाही देता येईल.

गाऱ्हाणं बाबीकाका घालायचे, वय पंच्याऐंशी. त्याआधी माझे वडील घालत. त्या दिवशी बाबीकाकांचा घसा बसलेला. नुसती हवा. स्टेजवर कुजबूज सुरू झाली, कोणाला येतं, कोणाला येतं. तरुण पोरांना येत नव्हतं. मी तिसऱ्या रांगेतून उठले. "मला येतं. वडिलांचं पाठ आहे."

कोणीतरी म्हणालं, "बाईमाणूस गाऱ्हाणं घालत नाही." बाबीकाकांनी हाताने खूण केली, येऊ दे तिला. अण्णा मोठ्या मनाने हसला. "येऊ दे की. जमाना बदललाय. ये सुलू." स्वतः माइक माझ्या उंचीला आणून दिला. देवाशप्पथ, त्यानेच आणून दिला.

खरं सांगते, उठताना माझ्या मनात काही नव्हतं. वडिलांचे शब्द म्हणायचे आणि खाली बसायचं. सूर लावला. एकतीस वर्षं टेलिफोनवर घासलेला आवाज, हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"बा देवा म्हाराजा! बारा वाड्यांच्या, बारा वेशींच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तीनशे माणसं.

"आज तुझी लेकरां हयसर जमली हत, त्येंचो मान गोड करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझ्या डाव्या हाताला अण्णा, डोळे मिटलेले, हात जोडलेले, सगळ्यांत मोठा आवाज त्याचा. आणि तो आवाज माझ्या कानात शिरला तशी माझ्या आत काहीतरी उठलं. मी वडिलांचे शब्द सोडले, सूर सोडला नाही.

"जे झिलगे पोटासाठी दर्यार जातत, त्येंची राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या दर्यार धा देशांची जहाजां पाळयो लावून राखण करतत, आपला-परक्याचा बघणत नाय, त्येंका बळ दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या राखणीच्या यादीत ज्येना आमच्या पोरांच्या जहाजाचा नाव घातल्यान नाय, दीड दीस थांबाक दिल्यान नाय, एकवीस झिलगे वैऱ्याच्या तोंडात दिल्यान, आणि दोष माझ्या भावार घातल्यान, तो हयसरच उभो असा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. आणि माइकच्या शेजारी, डोळे मिटून, हात जोडून, अण्णा म्हणाला. खणखणीत. त्याचं 'व्हय म्हाराजा' हॉलच्या चारी भोंग्यांतून ऐकू आलं.

मग त्याने डोळे उघडले. मी त्याच्याकडेच बघत होते. त्या तोंडावर काय आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही आणि मला विसरायचंही नाही. पहिल्या रांगेतल्यांनी आपण कशाला हो म्हणालो ते आठवून पाहिलं, आणि मग ते एकेक करून अण्णाकडे बघायला लागले. तो म्हणाला, "हे काय… अगं सुलू, गाऱ्हाण्यात असं…"

मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही.

"माझ्या भावाक निजको म्हणान हिणवल्यान, त्येच्या डोळ्याक आता निज लागांदे नको म्हाराजा!"

पुढच्या रांगा अण्णाकडेच बघत राहिल्या. मग मागून, जिथे म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या, दारं लावून मासे तळणाऱ्या, तिथून आलं. "व्हय म्हाराजा." आधी एक, मग पाच-सहा, मग बराच हॉल. बाबीकाकांनी बसलेल्या घशाने म्हटलं, ते मला नुसतं ओठांवरून कळलं. गाऱ्हाण्यात एकदा 'व्हय' म्हटलं की ते मागे घेता येत नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शाल टेबलावरच राहिली. अण्णा जेवायला थांबला नाही.

शिकलेले लोक सांगतात, सूड घेऊन समाधान मिळत नाही. त्यांनी कधी नीट घेतला नसेल. मी त्या दुपारी चार वडे खाल्ले, वर सोलकढी. जिन्यात दोघातिघांनी येऊन विचारलं, "प्रकाश कसा आहे गं?" नऊ वर्षांत पहिल्यांदा नुसतं विचारलं, पुढे जागा-झोपेचं काही न जोडता.

संध्याकाळी सहाला प्रकाश घरी आला. युनिफॉर्म तसाच, टोपी हातात. स्वयंपाकघरात स्टुलावर बसला. मी चहाचं आधण ठेवलं. म्हणाला, "ताई, व्हिडिओ आला मला."

"बघितलास?"

"तीनदा."

मी वाट बघत होते. हसेल, रडेल, उठून मिठी मारेल. तो टोपी फिरवत बसला.

"ताई, मी झोपलो होतो गं."

मी वळले.

"खरंच झोपलो होतो. जोडीदार तापाने पडलेला, त्याचा पहारा पण मीच करत होतो. आदल्या दुपारपासून उभा. रेलिंगला पाठ लावली आणि… किती वेळ ते माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा शिडी लागलेली होती. मी तुला कधी सांगितलं नाही. आईलाही नाही. अण्णा खोटं बोलत नव्हता."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळलं, परत पुसला. आधी त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. नऊ वर्षं मी कोणासाठी भांडत होते? मग त्याचं ते नाक्यावरचं हसणं डोळ्यांपुढे आलं, आणि मला कळलं की तो का हसायचा. आणि मग माझा राग फिरून पुन्हा जिथल्या तिथे येऊन बसला, पहिल्यापेक्षा घट्ट. मी त्याच्या ऐकू येणाऱ्या कानाशी जाऊन बसले.

"ऐक प्रकाश. ते धा देश पाळ्या कशाला लावतात? एकाने जागायचं, म्हणजे बाकीच्यांचा डोळा लागला तरी चालतं. नाव यादीत असतं तर तू झोपला असतास, आणि झोपेतच पट्टा ओलांडून गेला असतास. तुझ्यासाठी दुसरं कोणीतरी जागं राहिलं असतं. ते त्याने काढून घेतलं. माझं गाऱ्हाणं मी मागे घेत नाही."

त्याने टोपी फिरवायची थांबवली. मग विचारलं, "म्हणजे मी झोपलो तरी चालणार होतं?"

"चालणार होतं."

तो उठला, टोपी खुंटीला लावली आणि जेवायला न थांबता आत जाऊन आडवा झाला. पाच मिनिटांत घोरायला लागला. मी खुर्ची ओढून त्याच्या दाराशी बसले, आणि तिकडे लालबागला अण्णा टक्क जागा असेल, या विचाराने मला फार बरं वाटत होतं.